आधी पाय धुवून या

माझ्या थोरल्या बहिणीचे यजमान प्रविण भिंगारदिवे यांचा परिचय लिहून द्यायचं काम माझ्याकडे आलं आहे. ईस्टर होऊन आठवडा झाला नाही तोच दाजींचा फोन. "उज्ज्वला, तुझी भाषा चांगली आहे. एक पानभर लिही. आणि 'नम्र सेवक' हा शब्द त्यात आलाच पाहिजे. जरा वरच्या बाजूला." आमच्या चर्चच्या वरिष्ठ समितीची निवडणूक आहे, दाजींना तिथे जायचं आहे, आणि पत्रकावर फोटोखाली काहीतरी छापायला हवं. मी शाळेत मराठी शिकवते, रविवारी चर्चमध्ये पेटी वाजवते, म्हणून घरातलं सगळं लिहिणं माझ्याच गळ्यात पडतं. तर लिहिते. एका पानात मावणार नाही, आणि हे छापायला ते तयार होतील असंही मला वाटत नाही.

दाजी आमच्याच वस्तीतले. कडा या बाजारगावाच्या पुढे डांबरी रस्ता सोडून आत वळलं की आधी गाव लागतं आणि गावाच्या कडेला आमची ख्रिस्ती घरं. दिवाळी झाली की गावातली निम्मी आणि आमची जवळजवळ सगळी माणसं ऊस तोडायला जातात. दाजींचे आईवडीलही कोयत्यावर जायचे. दाजी मात्र शिकले, कड्याला एका पतसंस्थेत कारकून झाले, आणि त्या दिवसापासून पांढरा शर्ट त्यांच्या अंगावरून उतरला नाही.

सुरुवातीला माणूस वाईट नव्हता, हे कबूल करायला हवं. नाताळात मांडवाचे बांबू रोवायचे, सतरंज्या घालायचे, पंगत उठली की लोकांची खरकटी ताटं उचलायचे. माझ्या बहिणीने, सुनिताताईने, त्यांना पसंत केलं ते ताटं उचलताना पाहूनच. मग एका नाताळात कुणीतरी माईकवरून त्यांचे आभार मानले आणि टाळ्या झाल्या. बिघडलं ते तिथून. पुढच्या वर्षी ताट उचलण्याआधी माईकवाला कुठे उभा आहे ते दाजी बघू लागले.

पुढे त्यांनी नम्रतेत जी प्रगती केली ती मी जवळून पाहिली आहे. उपासनेला मुद्दाम शेवटच्या ओळीत बसायचं, म्हणजे पाळकसाहेब "प्रविण, पुढे या" म्हणणारच. पहिल्या हाकेला उठायचं नाही. हात जोडून "नको, नको, मी इथंच बरा" म्हणायचं. दुसऱ्या हाकेला मान खाली घालून, अगदी हळूहळू, सगळ्यांना दिसेल असं चालत पुढच्या खुर्चीवर जाऊन बसायचं. एकदा पाळकसाहेब दुसरी हाक मारायला विसरले, तर घरी जाऊन माणूस जेवला नाही. ताईला वाटलं, उपास धरलाय.

चर्चला त्यांनी एक पंखा दिला. पात्यांवर लाल रंगात लिहून घेतलं, 'प्रभूचा अयोग्य सेवक प्रविण भिंगारदिवे यांजकडून सप्रेम'. पंखा फिरला की त्यातलं काहीच वाचता येत नाही. म्हणून बाहेरचे पाहुणे आले की भर एप्रिलच्या उकाड्यात पंखा बंद. पाहुणे घामाघूम, आणि त्यांच्या डोक्यावर अयोग्य सेवक स्थिर. तेव्हा आम्ही हसायचो. आता हसू येत नाही, शिसारी येते. उघडपणे खुर्ची मागणारा माणूस मला परवडतो. पण जमिनीवर बसून खुर्चीकडे डोळा ठेवणाऱ्याचं तोंड बघवत नाही.

आता केशरबाईंबद्दल लिहायला हवं. दाजींच्या परिचयात त्यांचं काय काम, असं कुणी विचारेल. दाजी जिथे पोचले आहेत तिथे ते केशरबाईंच्या पाठीवर पाय देऊन पोचले आहेत, म्हणून.

केशरबाई म्हाळू उमाप या आमच्या वस्तीतल्या विधवा. पाठ साथ देईपर्यंत त्याही नवऱ्याबरोबर ऊस तोडायला जायच्या. कारखान्याचा पट्टा पडला, म्हणजे हंगाम संपला, की टोळ्या गावाकडे परततात, आणि नेमके तेच दिवस ईस्टरच्या आधीचे असतात. ट्रकमधून उतरलेल्या माणसांचे पाय बघवत नाहीत. टाचा फाटलेल्या, तोडलेल्या उसाच्या टोकांनी तळवे भोसकलेले, बोटांच्या बेचक्यांत माती घट्ट बसलेली. पूर्वीच्या एका पाळकसाहेबांनी पद्धत घालून दिली होती. पवित्र गुरुवारी, येशूने शिष्यांचे पाय धुतले त्या दिवशी, चर्चच्या मागच्या हापशाजवळ ऊस तोडून आलेल्यांचे पाय धुवायचे. लिंबाचा पाला टाकून उकळलेलं पाणी, मीठ, नंतर खोबरेल तेल. भाषण नाही, गाणं नाही. ते पाळकसाहेब वारले आणि काम केशरबाईंकडे आलं. त्यांना कुणी नेमलं नव्हतं. दुसरं कुणी खाली बसेना, म्हणून त्या बसल्या. आणि त्या काही गोड बोलत पाय धुवायच्या नाहीत. "ह्ये पाय हाय का नांगर? चपला कावून घालत न्हाई रे?" असं खेकसत घासायच्या. माणसं हसायची, कळवळायची आणि लंगडायचं कमी होऊन घरी जायची.

त्यांचा मुलगा पंडित चर्चला येत नव्हता. कारण वस्तीत सगळ्यांना माहीत आहे. म्हाळूबाबा वारले तेव्हा घरी आलेल्या माणसांना बसायला पंडित चर्चची सतरंजी मागायला गेला. दाजी तेव्हा नुकतेच सेक्रेटरी झाले होते. ते म्हणाले, "नवी सतरंजी कार्यक्रमाची हाय, मातीत न्यायची न्हाई." माणसं दगडांवर बसली. पंडित त्या दिवशी आईला म्हणाला, "ज्या सतरंजीवर माझ्या बापाची मानसं बसत न्हाईत, तिच्यावर मी बी बसत न्हाई." तो पुन्हा चर्चची पायरी चढला नाही. केशरबाई रोज प्रार्थनेत एकच गोष्ट मागायच्या, पंडितला परत आण.

गेल्या वर्षी हंगामाच्या शेवटी पंडितच्या पायावर कोयता बसला. त्याने उसाच्या फडातूनच आईला फोन केला. ती म्हणाली, "गुरुवारी ये, पाय धुते. सगळ्यांत बस." तो म्हणाला, "येतो. पर फकस्त तुज्यासाठी." केशरबाईंनी ही बातमी घरोघर जाऊन सांगितली. माझ्याकडे आल्या तेव्हा त्यांच्या डोळ्यांत पाणी होतं. "उज्ज्वला, माजा पंडित येतोय बग."

नेमकं त्याच वर्षी दाजींना जिल्ह्याच्या समितीवर जायचं होतं. मतं देणारे मोठे पाळक पवित्र गुरुवारी आमच्याकडे येणार होते. दाजींनी हापशामागचं पाय धुणं उचलून चर्चमध्ये, पुढे, दिव्यांखाली आणायचं ठरवलं. बारा माणसं ओळीने बाकांवर बसणार, आणि दाजी कमरेला टॉवेल बांधून त्यांचे पाय धुणार. पितळी परात आणली. टॉवेलावर नाव विणून घेतलं. कड्याहून व्हिडिओवाला ठरवला. बॅनरवर दाजींचा हात जोडलेला फोटो, आणि वर येशू, जरासा लहान.

हे सगळं ठरवताना ते केशरबाईंना म्हणाले, "मावशी, तुमी दुपारीच हापशावर सगळ्यांचे पाय सोच्छ धुवून ठिवा. नखं बी काढा. पाहुन्यांपुढं शोभा नको."

मी तिथेच होते. म्हटलं, "दाजी, धुतलेले पाय तुम्ही परत धुणार?"

"उज्ज्वला, हा विधी आहे. तुला अध्यात्म कळत नाही."

ताई खाली मान घालून टॉवेलाची घडी घालत होती. केशरबाई मात्र म्हणाल्या, "व्हय, धुते की. तसं बी धुतेच." बाहेर आल्यावर मी त्यांना विचारलं, तुम्हाला याचं काहीच वाटत नाही का? तर म्हणाल्या, "मी काय त्याच्यासाठी धुते व्हय? पाय त्यांचे दुखत्यात."

गुरुवारी दुपारी त्या हापशाखाली चिखलात बसल्या आणि एकेकाचे पाय घासून पुढे पाठवत राहिल्या. शेवटी पंडित आला. पायाला फडकं गुंडाळलेलं, ते जखमेला चिकटलेलं. केशरबाईंनी पाणी ओतून ओतून ते सोडवलं. जखम चिघळली होती, वास येत होता. या वेळी त्या खेकसल्या नाहीत. जखम धुऊन त्यांनी लुगड्याच्या धुतलेल्या तुकड्याने ती बांधली आणि म्हणाल्या, "जा, आत बस. म्या भांडी घासून येते." पंडित आत गेला आणि ओळीतल्या शेवटच्या जागेवर बसला. इतक्या वर्षांनी तो चर्चमध्ये बसलेला मी पाहिला. मी पेटीवर होते, त्या जागेवरून सगळं दिसतं.

पाहुणे यायच्या आधी दाजी ओळ तपासायला आले. शाळेत आम्ही मुलांची नखं तपासतो तसे एकेकाचे पाय बघत आले. पंडितपाशी थांबले. वाकून हळू म्हणाले, पण मला ऐकू आलं. "पंडित, तू मागं बस रे. व्हिडिओ चालू हाय. पट्टीतून पानी येतंय, वास येतोय."

पंडितने त्यांच्याकडे पाहिलं. मला वाटलं, आता कॉलर धरतो. पण तो उठला आणि लंगडत दारातून बाहेर गेला. मागे बसला नाही. मी पेटीवरून उठेपर्यंत पाहुण्यांची गाडी दारात लागली आणि दाजी हातवारे करू लागले, वाजव, वाजव.

बारामधली एक जागा रिकामी राहिली. दाजींनी ती बघितली आणि ताईच्या कानात सांगितलं, "केशरमावशीला आणून बसव. विधवा बाई हाय, व्हिडिओत चांगलं दिसंल." ताईने त्यांना हापशावरून उठवून आणलं. त्यांना वाटलं, पंडितशेजारी बसायला बोलावलंय. लुगड्याचा काठ ओला, आणि पाय घोट्यापर्यंत चिखलाने माखलेले. अकरा माणसांचे आणि आपल्या मुलाचे पाय धुतलेला तो चिखल होता.

मोठे पाळक पुढच्या खुर्चीवर. पंखा बंद. मी मंद सुरात वाजवत होते. दाजी एकेकाच्या पायावर तांब्याने पाणी सोडत, पुसत, हात जोडत पुढे सरकत होते. पाणीसुद्धा मळत नव्हतं. केशरबाईंपाशी आले, गुडघे टेकले आणि त्यांना तो चिखल दिसला. चेहऱ्यावरचं हसू त्यांनी हलू दिलं नाही. दात न उघडता म्हणाले, "मावशी, आधी पाय धुवून या."

आणि केशरबाई उठल्या हो! पाय धुण्याच्या विधीत, पाय धुवायला बसलेल्या माणसाने, पाय मळलेत म्हणून एका म्हाताऱ्या बाईला उठवून हापशावर पाठवलं, आणि सगळी मंडळी ती परत येण्याची वाट बघत बसली. व्हिडिओवाल्याने तेवढ्यात बॅटरी बदलली. मी भात्यावरचा हात काढला आणि पेटी बंद केली. दाजींनी डोळे वटारले. मी पेटीला कडी घातली.

केशरबाई स्वच्छ पाय घेऊन आल्या आणि बसल्या. दाजींनी पाणी घातलं, टॉवेलने पुसलं, आणि कुठेतरी टीव्हीवर पाहिलं असेल म्हणून ओठ टेकवायला खाली वाकले. केशरबाई ओळीतून नजर फिरवत होत्या. संगीत बंद होतं, माईक समोरच होता, त्यामुळे त्यांचं बोलणं सगळ्या चर्चला ऐकू गेलं.

"प्रविण, माजा पंडित कुटं हाय रे?"

दाजी तसेच वाकलेले. पायापाशी तोंड ठेवूनच म्हणाले, "मागं बसलाय, मावशी."

केशरबाईंनी वळून मागे पाहिलं. मागे कुणी नव्हतं. त्यांनी परातीतून पाय काढून घेतले आणि ओल्या पायांनीच बाहेर चालत्या झाल्या. मोठे पाळक शेजारच्याला म्हणाले, "बिचारी फार भारावून गेली." मग दाजी दहा मिनिटं नम्रतेवर बोलले. टाळ्या झाल्या.

ते निवडून आले. व्हिडिओतून केशरबाईंचा प्रश्न कापून टाकला आणि तिथे बासरी घातली. आणि अभिनंदनाच्या बॅनरसाठी त्यांनी नेमका तोच फोटो निवडला, केशरबाईंचे पाय हातात घेऊन वाकलेले दाजी. कड्याच्या स्टँडवर तो महिनाभर झळकत होता. त्या गुरुवारीच, आईला न भेटता, जखम बरी व्हायला पंडित सासुरवाडीला गेला होता. परत येताना स्टँडवर उतरला आणि त्याने तो पाहिला. तिथूनच आईला फोन लावला. "मला उटवलं, आन माज्या जागेवर तू बसलीस व्हय, आई?"

केशरबाई काही सांगायच्या आत त्याने फोन ठेवला. त्याला उठवलं होतं, हेच त्यांना त्या फोनवर पहिल्यांदा कळलं. पंडित घरी न येता परस्पर वीटभट्टीवर गेला, आणि दिवाळीनंतर तिथूनच टोळीत. पूर्ण हंगामात त्याने आईचा फोन घेतला नाही. केशरबाईंनी चर्चच्या हापशाकडे जाणं सोडलं. दाजींकडे त्यांनी कधी तक्रार केली नाही. मी केली. दाजी म्हणाले, "मी क्षमा केलीय त्याला." कुणी कुणाला क्षमा करायची असते, एवढंही या सेवकाला ठाऊक नाही.

या वर्षी पट्टा पडला. पंडितची टोळी आली ती पवित्र गुरुवारच्या आदल्या दिवशी. मी त्याला रस्त्यातच गाठलं. म्हटलं, "पंडित, तुझ्या आईला माहीत नव्हतं. ती तुझ्या शेजारी बसायला म्हणून आत आली. तू दिसेनास म्हणून तिने भर माईकवर तुला विचारलं आणि अर्ध्यातून उठून गेली. व्हिडिओत ते कापलंय." तो एवढंच म्हणाला, "खरं सांगता ना, बाई?" मी म्हटलं, पेटी मीच बंद केली होती, मला विचार.

दुसऱ्या दिवशी दुपार कलताना केशरबाईंच्या अंगणात चूल पेटलेली होती. मोठ्या पातेल्यात लिंबाचा पाला उकळत होता. केशरबाई दगडावर बसून पाय घासत होत्या, "ह्या टाचंत ज्वारी पेरता यील की रे!" म्हणत होत्या, आणि पंडित बादलीने पाणी आणून देत होता. टोळीची माणसं भिंतीच्या सावलीला रांगेने बसली होती. मीही तिथेच होते.

तेवढ्यात दाजी आले. चर्चमध्ये वरिष्ठ समितीचे पाहुणे येऊन बसले होते, व्हिडिओवाला दिवे लावून तयार होता, आणि परातीसमोरची बाकं रिकामी होती. कोयत्यावरचं एकही माणूस तिकडे गेलं नव्हतं. वस्तीच्या धुळीतून चालत आल्यामुळे दाजींचे काळे बूट पांढरे झाले होते. हात जोडून म्हणाले, "मावशी, सलाम. ह्यांना जरा तिकडं पाठवा. पाहुने खोळंबलेत."

केशरबाईंनी वर पाहिलं. त्यांच्या चेहऱ्यावर राग होता, मी खोटं लिहिणार नाही. पण त्यांनी शेजारचा दगड ओल्या हाताने पुसला आणि म्हणाल्या, "जातील, त्यांना जायचं तर. तू बस, प्रविण. बूट काढ. तुजे बी धुते."

दाजींना कळेना काय करावं. त्यांनी मागे वळून पाहिलं, व्हिडिओवाला बरोबर आलाय का ते बघायला. तो आला नव्हता.

पंडित बादली घेऊन उभा होता. म्हणाला, "बसा की सेक्रेटरी. ऊन ऊन पानी हाय."

दाजींनी रांगेकडे बघितलं. त्यांच्या बापाबरोबर ऊस तोडलेली माणसं त्यात होती. त्यांनी सरकून जागा केली. दाजींचा एक हात बुटाच्या नाडीकडे गेला, हे मी पाहिलं, आणि क्षणभर मला ताटं उचलणारा तो माणूस आठवला.

"नको, नको, मावशी," ते म्हणाले. "मी असाच बरा. तिकडं पाहुने हायत."

या वेळी त्यांना दुसरी हाक कुणी मारली नाही. ते थोडं थांबले, मग बुटांसकट निघून गेले. केशरबाईंनी तो रिकामा दगड एकदा बघितला आणि पंडितला म्हणाल्या, "तू बस मंग. जखम कशी हाय दाव." पंडित बसला.

संध्याकाळी चर्चमध्ये दाजींनी समितीच्याच माणसांचे पाय धुतले, मोजे काढायला लावून. पेटी वाजवायला मी गेले नव्हते, ताईने सांगितलं.